साडेतीन लाखांचं भूत

सिनेमाच्या धंद्यात जळगाव जामोद आजही 'सी. पी. बेरार'मध्ये मोडतं. तो प्रांत नकाशावरून पुसला गेल्याला जमाना झाला, वितरकांच्या वह्यांतून मात्र तो काही हललेला नाही. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी नाकं मुरडलेले रामसे बंधूंचे भुताचे सिनेमे अशाच टापूंतल्या तालुक्याच्या गावांनी डोक्यावर घेतले. आणि गंमत पाहा, त्या भुताच्या जन्माच्या वेळी कॅमेऱ्यामागे उभा असलेला दिग्दर्शक वऱ्हाडातच जन्मलेला होता. अमरावतीचे विश्राम बेडेकर. हो, तेच, 'रणांगण'वाले!

फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांची जीभ एवढ्या लांब आडनावाला वळेना, म्हणून त्याचं 'रामसे' झालं. फाळणीनंतर त्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं आणि सिनेमात पैसा घालायला सुरुवात केली. १९६३ चा 'रुस्तम सोहराब' त्यांचाच, दिग्दर्शन बेडेकरांचं. १९७० साली हीच जोडी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' घेऊन आली आणि सपशेल आपटली. पण तुलसी आणि श्याम ही फतेहचंदांची पोरं थिएटरात जाऊन पडद्याऐवजी प्रेक्षकांकडे बघत बसली. एका प्रसंगाला लोक सावरून बसत. पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात, गोळ्या झाडल्या तरी ढिम्म हलत नाहीत. पब्लिक तेवढ्यासाठीच येत होतं! पोरांनी वडिलांना गाठलं: तेवढाच प्रसंग ताणून अख्खा सिनेमा काढू या.

तो सिनेमा म्हणजे १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे'. सगळा लवाजमा बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेला. घरातल्या बायका स्वयंपाकाला आणि कपडेपटाला. सात भावांनी कामं वाटून घेतलेली: कुमार पटकथा लिही, गंगू आणि केशू कॅमेऱ्याच्या बाजूला, किरण ध्वनी, अर्जुन संकलन, तुलसी-श्याम दिग्दर्शन. त्याआधी वडिलांनी म्हणे काश्मीरमध्ये हाउसबोट घेऊन पोरांकडून छायाचित्रणावरचं एक अमेरिकन पुस्तक घोकून घेतलं होतं. हीच यांची फिल्म इन्स्टिट्यूट. रामसे सांगत, की चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांत काम उरकलं. सिनेमा तुफान चालला.

आता खरी नवलाची गोष्ट. नायक महाग असतो, भूत स्वस्त असतं. भुताला तारखा लागत नाहीत, आणि मुखवट्याआड कोण आहे याच्याशी प्रेक्षकाला देणंघेणं नसतं. रात्रीचं चित्रण असलं की भिंतीचा निम्मा भाग उजळायचीच गरज नाही, म्हणजे निम्मा सेट वाचला. उरलेल्या उणिवांवर धूर सोडायचा. मागून निळा दिवा, खालून लाल, की ओळखीचा चेहराही परका होतो. कारण उजेड वरून पडणार अशी डोळ्याला जन्माची सवय. तो हनुवटीखालून आला, की सावल्या नको तिथे पडतात. पैशाची काटकसर आणि माणसाची भीती, दोघींनाही अंधारच लागतो.

हा शोध एकट्या रामसेंचा नव्हे. इंग्लंडात हॅमर कंपनीने थेम्सकाठच्या ब्रे इथल्या एका जुन्या घराचा स्टुडिओ करून १९५७-५८ मध्ये फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला उभे केले. एका सिनेमाचा सेट झटकून दुसऱ्याला वापरायचा, हा त्यांचा खाक्या. पुढे नॉर्मन जे. वॉरनसारख्या दिग्दर्शकाला तर तेवढंही नशिबात नव्हतं. त्याने 'प्रे' हा सिनेमा दहा दिवसांत उडवला आणि १९८१ च्या 'इन्सेमिनॉइड'मधला परग्रह लंडनजवळच्या चिझलहर्स्टच्या गुहांमध्ये शोधला. आमच्या रामसेंना मुरुडच्या नवाबाचा राजवाडा सापडला होता. वॉरनची आणि त्यांची कधी गाठ पडली असती, तर दुभाष्याची गरज लागली नसती.

१९८४ चा 'पुराना मंदिर' हा रामसेंचा कळस. सामरी नावाच्या राक्षसाचं धड एकीकडे पुरलेलं, शीर दुसरीकडे पेटीत. दोन्ही जुळली की संपलं! सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीला शिकलेले इंजिनिअर, साडेसहा फुटांच्या घरातले. त्या उंचीला कॅमेरा खाली ठेवून आणखी वाढवायचं, एवढंच दिग्दर्शकाला करायचं होतं. सोबतीला ललिता पवार आणि सदाशिव अमरापूरकर. यातला जगदीपचा 'शोले'छाप विनोद आज बघवत नाही, हे कबूल. पण तेव्हा एकाच तिकिटात किंकाळी, गाणं आणि हशा तिन्ही द्यावं लागे. आपल्यावरच हसायची कुवतही या मंडळींकडे होती: १९८८ च्या 'वीराना'त सतीश शाह यांनी भयपटांचा दिग्दर्शक रंगवलाय, आणि त्याचं नाव हिचकॉक.

१९९३ पासून 'झी हॉरर शो'मधून हेच भूत थेट घरात आलं. तुलसी रामसे २०१८ च्या डिसेंबरात गेले, श्याम पुढच्या सप्टेंबरात. हिंदी सिनेमाच्या इतिहासात त्यांना मानाची जागा मिळायला फारच उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. 'पुराना मंदिर' पुन्हा लावाल तेव्हा सामरीकडे जरा दुर्लक्ष करा आणि दिवा कुठे ठेवलाय ते शोधा.