जॉन चाचा आणि चेऊलकरांचे घर

'बूट पॉलिश' ज्यांनी पाहिला आहे त्यांना जॉन चाचा विसरणे शक्य नाही. ठेंगणी मूर्ती, डोक्याला टक्कल आणि ओठांआधी डोळ्यांत उमटणारे हसू. भोला आणि बेलू या दोन अनाथ भावंडांना त्यांची चाची भीक मागायला लावते आणि जॉन चाचा त्यांना सांगतो की हात पसरू नका, हाताला काम द्या. हा चाचा स्वतः चोरून दारू विकणारा, तरी मुलांना वाट सरळ दाखवतो. राज कपूर यांच्या या १९५४ च्या चित्रपटातील कामासाठी डेव्हिड यांना फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. पडद्यावरची बेलू म्हणजे बेबी नाझ, खरे नाव सलमा बेग. भोला झालेल्या रतनकुमारचे खरे नाव सय्यद नझीर अली. आणि ख्रिस्ती जॉन चाचा होते यहुदी!

आम्ही हे सगळे मुद्दाम लिहीत आहोत. राधानगरीत आमच्या वर्गात एका मुलाने दुसऱ्याला रागाने 'यहुदी' म्हटले, शिवी द्यावी तसे. मुलांचा काय दोष? मोबाईलवर त्यांना गाझातील ढिगारे आणि कफनात गुंडाळलेली लेकरे दिसतात. ती पाहून आमचेही जेवण घशाखाली उतरत नाही. जुलूम करणाऱ्या सरकारला जुलमी म्हटलेच पाहिजे, त्यात आडपडदा नको. पण ती शिवी ऐकून आम्ही फळ्यावर लिहिले : डेव्हिड अब्राहम चेऊलकर. विचारले, हे कोण असतील? निम्मी मुले म्हणाली ख्रिस्ती. एक जण म्हणाला, "आडनाव तर आपल्या इकडचं वाटतंय!"

अगदी बरोबर. रायगड जिल्ह्यातील चौल बंदराला जुने लोक चेऊल म्हणत. तिथले ते चेऊलकर. डेव्हिड यांचा जन्म १९०९ चा, ठाण्याचा. घरची बोली मराठी. कोकणातील या यहुद्यांना बेने इस्राएल म्हणतात. कुरआन शरीफात 'बनी इस्राईल' हा शब्द आपण वाचतो, तोच हा. पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावला किनाऱ्याला लागले, असे ते सांगतात. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. त्यांच्यात खतना होते, डुकराचे मांस वर्ज्य आहे. नवस फेडताना ते एलियाहू नबींच्या, म्हणजे आपल्या हजरत इल्यास अलैहिस्सलाम यांच्या नावाने मलिदा करतात. हो, मलिदाच! पोहे, नारळ, साखर आणि सुकामेवा घातलेला. आपल्या भगिनींना तो वेगळा समजावून सांगायला नको.

मुंबईत मांडवीला त्यांचे सर्वांत जुने प्रार्थनालय आहे, १७९६ चे. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानांच्या कैदेत सापडले होते. त्यांच्यात कथा अशी चालते की, हे कैदी बनी इस्राईल आहेत असे कळताच सुलतानांच्या वालिदांनी कुरआनातील नाव ओळखले आणि त्यांचे प्राण वाचवले. कथा म्हणून घ्या, पण त्यांनी ती दोनशे वर्षे जपली आहे. त्या प्रार्थनालयाला जुनी मंडळी 'जुनी मशीद' म्हणत आणि मस्जिद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

डेव्हिड मुंबई विद्यापीठाचे बी.ए. पण पदवीनंतर कित्येक वर्षे मनासारखी नोकरी मिळाली नाही. शेवटी १९३७ मध्ये मोहन भावनानी यांच्या 'झांबो' चित्रपटात त्यांना पहिले काम मिळाले.

आता ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन चार वर्षे झाली होती. तिथल्या यहुद्यांच्या नोकऱ्या गेल्या, पुढे घरे गेली आणि महायुद्धात साठ लाख जीव गेले. निसटले ते जगभर पांगले. विली हास हे बर्लिनमध्ये साहित्याचे नावाजलेले साप्ताहिक चालवत. ते १९३९ मध्ये मुंबईला पोचले आणि पटकथा लिहू लागले त्याच भावनानींसाठी. म्हणजे एकाच निर्मात्याकडे एक यहुदी जीव वाचवून आलेला, दुसरा ठाण्याचा, ज्याला आपल्या नावामुळे कधी पळावे लागले नाही. आम्हाला या जोडीचे फार अप्रूप वाटते. आपल्या जिल्ह्यालाही त्या युद्धाची झळ माहीत आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बायका-मुलेच जास्त, बहुतेक कॅथलिक. सैबेरियातून सुटून ते इराणमार्गे इथे आले होते.

डेव्हिड नायक कधी झाले नाहीत. त्या उंचीला आणि टकलाला नायकाची भूमिका कोण देणार? ते चरित्र अभिनेते झाले आणि शंभरावर चित्रपटांत दिसले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'शहर और सपना'त ते आहेत. 'सत्यकाम'मध्ये ते पारशी रुस्तम आहेत, 'बातों बातों में'त ख्रिस्ती अंकल टॉम, तर 'गोलमाल'मध्ये खोटेपणात भाच्याला हळूच साथ देणारे हिंदू डॉक्टर मामा. आपल्या सिनेमाची ही रीतच. १९५८ च्या 'यहुदी'त यहुदी बाप झाले पारशी सोहराब मोदी, त्यांच्या घरची मुलगी मीनाकुमारी, रोमन शहजादा दिलीपकुमार, आणि मूळ नाटक आगा हश्र काश्मिरी यांचे! नाव विचारून भूमिका दिल्या असत्या तर यांतले काहीच घडले नसते.

ते उत्तम वक्ते होते. समारंभाचे सूत्रसंचालन करायला उभे राहिले की सभा हसत असे. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लग्न त्यांनी केले नाही. बेने इस्राएलांपैकी बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली, कोकणातील घरे रिकामी झाली. डेव्हिड मात्र इथेच काम करत राहिले. 'गोलमाल' आणि 'बातों बातों में' हे दोन्ही १९७९ चे, म्हणजे सत्तरीतले. अखेरीस ते नातेवाइकांकडे कॅनडाला गेले आणि टोरोंटोत वारले.

वर्गात 'बूट पॉलिश' दाखवला त्या दिवशी, शिवी देणाऱ्या त्या मुलाने विचारले, "सर, चौलमध्ये त्यांचं घर अजून आहे का?"