एका दिवसांत क्योतो

जपानांत जाणाऱ्या पुष्कळ प्रवाशांच्या वांट्यास क्योतो शहराचा एकच दिवस येतो. कोणी कामानिमित्त ओसाकास आलेला असतो, तर कोणी टोकियोकडे जातां जातां मध्यें उतरतो. शहरांत मंदिरें, विहार, वाडे व बागा मिळून पाहण्याजोगीं स्थळें शेंकडों. हातीं मात्र थोडेच तास. अशा वेळीं मनुष्य दहा प्रसिद्ध नांवें कागदावर उतरून घेतो, दिवसभर धांवतो, आणि सायंकाळीं त्यास आठवते ती केवळ बसमधील दाटी. पुन्हां येण्याचा योग येईलच असें नाहीं. म्हणून त्या दिवसाची आंखणी कशी करावी हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम शहराची ठेवण ध्यानांत घ्यावी. इ. स. ७९४ मध्यें सम्राट् कम्मु यानें ही राजधानी वसविली. चीनमधील छांगआन नगराचा कित्ता पुढें ठेवून रस्ते बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें सरळ आंखले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या हमरस्त्यांस उत्तरेकडून दक्षिणेकडे अनुक्रमांक दिले, ते नांवांत आजही टिकून आहेत. सान्जो म्हणजे तिसरा रस्ता, शिजो चौथा, गोजो पांचवा, शिचिजो सातवा. एवढें पाठ असलें कीं वाट चुकलेला मनुष्यही आपण किती दक्षिणेस आलों तें ओळखूं शकतो. पूर्व, उत्तर व पश्चिम या तीन दिशांस डोंगर आहेत, आणि बहुतेक प्रसिद्ध स्थळें त्यांच्या पायथ्याशीं, म्हणजे शहराच्या कडांवर आहेत. मधला सपाट भाग वारंवार ओलांडण्यांतच दिवस संपतो. नगरपालिकेच्या भुयारी रेल्वेचे मार्ग दोनच. बाकीचा बराचसा भार बसवर. पाहुण्यांच्या गर्दीमुळें रहिवाशांस बसमध्यें जागा मिळेनाशी झाली, तेव्हां केवळ बसचें एकदिवसीय तिकिट २०२३ मध्यें विकावयाचें बंद करण्यांत आलें. भुयारी गाडी व बस या दोहोंचें एकत्र तिकिट मात्र मिळतें.

यावरून पहिला नियम हा कीं, एकच कड निवडावी. माझ्या मतें ती पूर्वेची असावी. मग वायव्येकडील किन्काकुजी, म्हणजे सोन्याच्या पत्र्यानें मढविलेला तो तळ्यांतील मंडप, सोडावा लागतो. तो चित्रांत सर्वांनीं पाहिलेला असतो, म्हणून सोडतांना जीव तुटतो. पण मूळ मंडप १९५० मध्यें एका तरुण भिक्षूनें लाविलेल्या आगींत जळाला व आजचा १९५५ मध्यें उभारलेला आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे दुःख थोडें हलकें होतें.

दुसरा नियम घड्याळाचा. बहुतेक मंदिरें चार-पांच वाजतां बंद होतात व शेवटचें तिकिट त्याहून अर्धा तास आधीं मिळतें. डिसेंबरांत तर पांचाच्या आंतच सूर्य मावळतो. म्हणून ज्यांस दारें नाहींत अशीं स्थळें दिवसाच्या दोन टोकांस ठेवावीं, आणि दारें असलेलीं मध्यें.

फुशिमी इनारी हें देवस्थान अहोरात्र उघडें असतें व तेथें प्रवेशशुल्क नाहीं. क्योतो स्टेशनापासून नाराच्या मार्गावरील तें दुसरेंच स्टेशन. सकाळीं सहाच्या सुमारास तेथें पोहोंचावें. इनारी ही भाताच्या पिकाची देवता. कोल्हे तिचे दूत मानले जातात. २३३ मीटर उंचीच्या टेकडीवर जाणाऱ्या वाटेवर शेंदरी रंगाच्या हजारों लांकडी कमानी एकीला एक लागून उभ्या आहेत. प्रत्येक कमान कोणीतरी नवसाप्रीत्यर्थ अर्पण केलेली असते. दात्याचें नांव व तारीख मागील बाजूस कोरलेली असल्यामुळें चढतांना अक्षर दिसत नाहीं, उतरतांना सारीं दिसतात. शिखरापर्यंतच्या फेरीस दोन तास लागतात. ज्यास तितका वेळ नाहीं, त्यानें अर्ध्या वाटेवरील चवाठ्यावरून शहर पाहून परतावें.

तेथून केइहान कंपनीच्या आगगाडीनें शिचिजोस यावें. जवळच सान्जूसान्गेन्दो आहे. माझ्या मतें एकच वास्तु पाहावयाची असेल तर ती ही. नांवाचा अर्थ, खांबांमधील तेहतीस गाळ्यांचें सभागृह. मूळ इमारत ११६४ ची. ती जळाल्यावर १२६६ मध्यें पुन्हां बांधली. लांबी सुमारें १२० मीटर. आंत कान्नोन, म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या भिंतींवर दिसणारा अवलोकितेश्वर, याच्या १००१ मूर्ति रांगांनीं मांडिल्या आहेत. त्यांच्यापुढें अठ्ठावीस रक्षक उभे आहेत. हिंदी पाहुण्यानें तेथें थांबावें, कारण बोन्तेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. आणि पक्ष्याच्या मुखाचा जो कारुरा बांसरी वाजवीत आहे तो आपला गरुड. चीनच्या वाटेनें शेंकडों वर्षें प्रवास केल्यावर त्यांचीं नांवें इतकींच बदललीं! आंत छायाचित्रें काढण्यास मनाई आहे, तें एका परीनें बरेंच.

पुढें पायीं वीस-पंचवीस मिनिटांत कियोमिझु मंदिर. आजचें मुख्य मंदिर १६३३ चें. त्याचा सज्जा तेरा मीटर उंच असून त्याखालील खांब व तुळया खिळ्यावांचून एकमेकींत सांधल्या आहेत. मोठ्या धाडसाच्या निश्चयास ‘कियोमिझुच्या सज्जावरून उडी घेणें’ असें जपानी लोक म्हणतात. येथून शहर दृष्टीस पडतें. १९४५ मध्यें अणुबाँबसाठीं निवडलेल्या शहरांच्या यादींत याचें नांव होतें. अमेरिकेचा युद्धमंत्री स्टिमसन हा १९२६ मध्यें क्योतोस येऊन गेला होता. त्यानें आग्रहानें तें नांव काढविलें. त्यानंतर यादींत नागासाकी घातलें गेलें, आणि ९ ऑगस्ट रोजीं तें भस्म झालें.

तेथून दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या उतरून गिओन भागांत यावें. घाई नको. मात्र येथील कांहीं खासगी गल्ल्यांत २०२४ पासून प्रवाशांस मज्जाव आहे. गेइशांचा पाठलाग करून छायाचित्रें घेणाऱ्यांनीं तेथील लोकांस फार सतावलें होतें. पाटी वाचावी व मागें फिरावें. नदी ओलांडली कीं निशिकी बाजार लागतो. भोजन तेथें, पण चालत खाऊं नये.

दुपारीं चारच्या आंत निजो किल्ला गांठतां आला तर गांठावा. १६०३ मध्यें तोकुगावा इयेयासुनें तो बांधविला आणि १८६७ मध्यें त्याच्याच वंशजानें राज्यकारभार सम्राटास परत देण्याचा निर्णय तेथेंच जाहीर केला. वाड्यांतील तक्तपोशीवर पाऊल पडतांच पांखरांसारखा किलबिलाट होतो. खालचे खिळे व लोखंडी कड्या एकमेकांस घांसतात म्हणून. वर्षांतील कांहीं मंगळवारीं किल्ल्यांतील वाडा बंद असतो, तें आधीं पाहून ठेवावें.

उरलेली सायंकाळ कामो नदीच्या कांठीं घालवावी. तेथें तिकिट लागत नाहीं. क्योतो स्टेशनावरून जलद गाडी अर्ध्या तासांत ओसाकास पोहोंचविते. तेव्हां अंधार पडला तरी उठण्याची घाई नाहीं.