कचरा चालला फॉरेनला!

माहीत आहे का? घातक कचऱ्यालाही फॉरेनला जायचं असेल, तर व्हिसा लागतो! आणि एका देशाचा व्हिसा पुरत नाही. माल जिथून निघणार तो देश, वाटेत ज्यांच्या हद्दीतून जाणार ते देश आणि जिथे उतरणार तो देश, सगळ्यांची संमती आल्याशिवाय कंटेनर जागचा हलवायचा नाही, असा नियम आहे. संमती मागण्याचा फॉर्म तब्बल २१ रकान्यांचा.

नियम कुणाचा? बासेल कराराचा. मार्च १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात करार झाला, मे १९९२ पासून लागू झाला आणि आज सुमारे १९० देश त्यात आहेत. भारत १९९२ पासूनच आहे. अमेरिकेने १९९० मध्ये सही ठोकली, पण मंजुरी अजूनही दिलेली नाही.

बोनस फॅक्ट! या करारात एक कलम पेंग्विनच्या फायद्याचं आहे. ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली घातक कचरा विल्हेवाटीसाठी पाठवायलाच बंदी. म्हणजे अंटार्क्टिका सेफ!

आता थोडी राख उडवू या. 'खियान सी' हे जहाज माहीत आहे का? १९८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या भट्टीतली सुमारे १४ हजार टन राख घेऊन ते निघालं. ही राख कुणी ठेवून घेईना. देशामागून देश नकार देत गेले. शेवटी हैतीमधल्या गोनाइव्ह बंदरात कागदावर 'खत' असं लिहून सुमारे ४ हजार टन राख किनाऱ्यावर ओतली गेली. सरकारला खरा प्रकार कळला, ढीग परत उचला म्हणून आदेश निघाला, पण जहाज पसार! मग त्याने नाव बदललं, 'फेलिसिया'. पुन्हा बदललं, 'पेलिकानो'. १९८८ च्या अखेरीस सिंगापूरजवळ सापडलं तेव्हा पोट रिकामं. उरलेली हजारो टन राख अटलांटिक आणि हिंदी महासागरात टाकल्याचं पुढे उघड झालं.

आणि हैतीतला ढीग? तो २००० साली परत अमेरिकेच्या वाटेला लागला, दोन वर्षं फ्लोरिडात एका बार्जवर बसून राहिला आणि २००२ मध्ये पुरला गेला. कुठे, सांगा बघू! पेनसिल्व्हेनियात. ज्या राज्यातलं फिलाडेल्फिया, त्याच राज्यात. राखेची वर्ल्ड टूर, १६ वर्षांची!

या किश्श्यातला व्हिलन जहाजापेक्षा मोठा आहे. तो म्हणजे कागद. 'खत' लिहिलं, खपून गेलं.

आपल्याकडचं उदाहरण हवंय? फार लांब जायला नको, न्हावा शेवा बंदर! लुब्रिकेटिंग ऑइलच्या नावाखाली आलेले वेस्ट ऑइलचे १३३ कंटेनर तिथे पडून होते. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी २००५ मध्ये कोर्टाने आदेश दिला, सगळं भट्टीत जाळा, खर्च आयातदारांच्या खिशातून. परफेक्ट न्याय!

कॅनडा आणि फिलिपिन्समध्ये कचऱ्यावरून 'युद्धा'ची भाषा झाली होती, माहीत आहे का? २०१३-१४ मध्ये कॅनडातून मनिलाला १०३ कंटेनर गेले. कागदावर रिसायकलिंगचं प्लास्टिक, आत घरगुती कचरा, वापरलेल्या डायपरसकट! वर्षानुवर्षं वाद चालला. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी कचरा नेला नाही तर युद्ध पुकारू, अशी धमकी दिली. मे महिन्याच्या अखेरीस ६९ कंटेनर जहाजावर चढून कॅनडाला परत निघाले.

ट्युनिशियाचा स्कोअर आणखी मोठा. २०२० मध्ये इटलीतून सूस बंदरात २८२ कंटेनर. लेबल तेच, रिसायकलिंगचं प्लास्टिक. आत काय? बरोबर ओळखलंत. या प्रकरणात तिथल्या पर्यावरणमंत्र्यांना खुर्ची गमवावी लागली आणि अटकही झाली.

क्विक ब्रेक, रंगपंचमी! भारतात घातक कचरा कारखान्यातून निघून प्रक्रिया केंद्रावर जातो, तेव्हा २०१६ च्या नियमांनुसार एका मॅनिफेस्टच्या, म्हणजे मालासोबतच्या नोंदपत्राच्या, सात प्रती निघतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी प्रत पाठवणाऱ्याकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाला, पिवळी त्याच्याकडे, गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी पुन्हा मंडळाला, निळी पोचपावती म्हणून पाठवणाऱ्याला आणि राखाडी, माल परराज्यातून आला असेल तर त्या राज्याच्या मंडळाला. सीमेपलीकडच्या मालासाठी मूव्हमेंट डॉक्युमेंट आणखी वेगळं. सात रंग, सात प्रती, आणि एखादी प्रत हरवली की माग तिथेच तुटला!

म्हणूनच आता मैदानात उतरलंय सॉफ्टवेअर.

युरोपियन युनियनच्या सिस्टिमचं नाव आहे डिवास, म्हणजे डिजिटल वेस्ट शिपमेंट सिस्टिम. मे २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने तारीखच ठरवून दिली, २१ मे २०२६. परवानगीचा अर्ज, मूव्हमेंट डॉक्युमेंट, माल पोचल्याची आणि त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद, सगळं इलेक्ट्रॉनिक. डिवास आला, कागदाचे दिवस भरले!

त्याआधी काय होतं, माहीत आहे का? २००६ च्या कायद्यात कागदपत्रं पाठवण्याच्या मार्गांत चक्क फॅक्सचा उल्लेख होता!

गंमत पुढेच आहे. युरोपात कचऱ्याच्या दोन याद्या, हिरवी आणि अंबर. अंबर यादीला आधी परवानगी लागते. हिरव्या यादीतला, म्हणजे कमी धोक्याचा, रिसायकलिंगला निघालेला कचरा ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटात साध्या एका फॉर्मवर जायचा. तो फॉर्म ट्रकसोबत फिरायचा आणि पुष्कळदा सरकारी टेबलावर पोचायचाच नाही. म्हणजे सर्वांत जास्त हलणारा माल सर्वांत कमी दिसणारा! माझ्या मते डिवासची खरी कमाल इथे आहे. आता या हिरव्या मालाची माहितीही सिस्टिममध्ये भरावी लागणार. रस्त्यावर ट्रक थांबवणाऱ्या इन्स्पेक्टरला कागदाच्या घडीवर विसंबायचं कारण नाही, नोंद आधीच समोर.

एवढा आटापिटा कशासाठी? युरोपियन कमिशनचाच अंदाज ऐका. कचऱ्याच्या शिपमेंटपैकी १५ ते ३० टक्के बेकायदा असू शकतात आणि या धंद्याची वर्षाची उलाढाल सुमारे ९.५ अब्ज युरो!

त्याच कायद्याचा आणखी एक दणका. २१ नोव्हेंबर २०२६ पासून ओईसीडीबाहेरच्या देशांना प्लास्टिक कचरा पाठवणं बंद. भारत ओईसीडीबाहेर, म्हणजे आपणही त्यात आलो. तसा आपल्या सरकारने २०१९ मध्येच नियमांत दुरुस्ती करून घन प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीचा दरवाजा लावून घेतला होता, सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रांत) सुद्धा. त्याच दुरुस्तीत एका नाजूक कचऱ्याला सूट मिळाली. रेशमाच्या! रेशीम कचरा निर्यात करायला पर्यावरण मंत्रालयाची परवानगी लागत नाही. एकदम सिल्की!

डिजिटल नोंदीच्या बाबतीत अमेरिकेत मात्र सीन वेगळा. तिथे ई-मॅनिफेस्ट ३० जून २०१८ ला थाटात सुरू झाला. मग काय झालं? पहिली काही वर्षं पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक मॅनिफेस्टचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. बाकी सगळे कागदावर भरायचे आणि मग स्कॅन करून चढवायचे. सॉफ्टवेअर तयार होतं, माणसांचा पेनवरचा हात सुटेना.

कस्टम्सचा किस्साही भारी आहे. मालाच्या वर्गवारीच्या आंतरराष्ट्रीय एचएस कोडमध्ये घोडे, गाढवं, छत्र्या, सगळ्यांना आपापला नंबर होता. ई-कचऱ्याला? १ जानेवारी २०२२ पर्यंत स्वतंत्र शीर्षकच नव्हतं! मग ८५४९ हा नंबर मिळाला. ज्या मालाला नंबर नाही, तो कॉम्प्युटर तरी कसा मोजणार?

आणि मोजायला हवा होताच. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला सुमारे ५१ लाख टन देशांच्या सीमा ओलांडून गेला आणि त्यातलाही अंदाजे ३३ लाख टन नियंत्रणाविना. १ जानेवारी २०२५ पासून बासेल करारात सगळ्याच ई-कचऱ्याला आधी संमतीची अट लागली, घातक असो वा नसो.

एक कचरा तर चक्क तरंगत येत होता! क्लेमान्सो, फ्रान्सची विमानवाहू युद्धनौका. ३१ डिसेंबर २००५ ला तुलाँहून ती गुजरातच्या अलंगकडे मोडीत निघायला निघाली, पोटात ॲस्बेस्टॉस घेऊन. ही युद्धसामग्री की घातक कचरा, यावर रण पेटलं. राष्ट्राध्यक्ष शिराक भारतभेटीला येणार होते, त्याच्या काही दिवस आधी, १५ फेब्रुवारी २००६ ला त्यांनीच तिला माघारी बोलावलं. शेवटी ती तुटली इंग्लंडमधल्या हार्टलपूलमध्ये.

उलटा प्रवासही झालाय, माहीत आहे का? २००३ मध्ये कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेत प्रक्रियेसाठी गेला. जिद्दीने लढणाऱ्या स्थानिक लोकांना आणि कामगारांना याचं श्रेय!

आता शेवटचा आणि माझा सर्वांत आवडता आयटम. हेरगिरी! बासेल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने अमेरिकेत प्रिंटर आणि मॉनिटरमध्ये दोनशेच्या वर जीपीएस ट्रॅकर लपवले आणि ते रिसायकलिंगला दिले. २०१६ मध्ये निकाल आला. साधारण एक तृतीयांश वस्तू देशाबाहेर! युरोपातल्या दहा देशांत ३१४ ट्रॅकर सोडले, त्यातले १९ निर्यात झाले. सिंगापुरात पत्रकारांनी जुन्या बुटांच्या ११ जोडांत ट्रॅकर घातले. हे बूट रिसायकल होऊन मैदानं आणि ट्रॅक बनणार होते. १० जोड परदेशी निर्यात झाले आणि काही थेट इंडोनेशियाच्या बाजारात सापडले. ट्रॅक व्हायला निघालेले बूट, ट्रॅक झाले!

म्हणून पोर्टल कितीही झकास असलं, तरी त्यात 'प्लास्टिक' टाइप करणारा हात माणसाचाच. डिजिटल नोंदीमुळे खोटं पटकन पकडता येतं, दहा कागद जुळवायला लागणारे महिने वाचतात. पण कंटेनरचं दार उघडून आत डोकावणारा कस्टम्स अधिकारी हवाच. दोन्ही हवं, आणि भरपूर हवं.

आणि तुमच्या ड्रॉवरमधला तो जुना मोबाइल? उगाच कुणाच्या पिशवीत टाकू नका. नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा त्याच्या कलेक्शन सेंटरवर द्या आणि पावती मागून घ्या. आजच!