दिवेलागणीची शाळा

बोरी अरबला बँकेत होतो तेव्हा पीककर्जाच्या कागदांवर अंगठे घेणं हा रोजच्या कामाचा भाग होता. पुरुष वेडीवाकडी का होईना सही करीत. बायका मात्र पदराला बोट पुसत शाईच्या पॅडकडे वळत. दारव्हा तालुक्यातलं हे गाव, मुलूख कापसाचा. वेचणी सुरू झाली की आया शेतात आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरी घरी, कडेवर धाकटं भावंड. एकीच्या आईला शाळेचं विचारलं, तर ती म्हणाली, "सायेब, पोरगी शाळेत गेली तं लहान्याले कोन पाहीन?"

याच प्रश्नापासून पुण्याच्या एका बाईंनी काम सुरू केलं होतं, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आलं. त्या डॉ. चित्रा नाईक.

जन्म १९१८चा, पुण्याचा. जे. पी. नाईकांनी १९४८ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, तिच्या उभारणीत त्या होत्या. हेच जे. पी. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९५५मध्ये दोघांचं लग्न झालं. चित्राताई सरकारी सेवेत चढत चढत महाराष्ट्राच्या शिक्षण संचालक झाल्या. इथवर हे एका कर्तबगार अधिकाऱ्याचं चरित्र. असे अधिकारी निवृत्त झाले की सत्कार घेतात, आठवणी लिहितात. (बँकेतले तर कादंबऱ्याही लिहितात!)

चित्राताईंनी साठी ओलांडल्यावर, १९७९मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षणाचे अनौपचारिक वर्ग सुरू केले. संस्था तोवर पुण्याला आली होती. वर्ग संध्याकाळी, गुरं गोठ्यात आल्यावर, कंदिलाच्या उजेडात दोनेक तास. शिकवणारे गावातलेच. येणारी मुलं दिवसभर राबलेली, त्यांत मुलीच जास्त. परीक्षेच्या धास्तीऐवजी बालजत्रा. तिथं खेळता खेळता मुलांची प्रगती जोखली जाई. जन्मभर नियमावली राबवलेल्या माणसाला यातलं धाडस कळेल. ज्या वेळापत्रकावर खातं चालवलं, तेच या मुलींच्या आड येतं, हे खात्याच्या माजी प्रमुखानं मान्य करायचं, म्हणजे काय!

मान-सन्मान आले. १९८६मध्ये पद्मश्री, १९९३मध्ये युनेस्कोचं कोमेनियस पदक, २००२मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार. मधल्या काळात नियोजन आयोगाचं सदस्यत्व. दिल्लीच्या त्या टेबलावर खेड्यातल्या रात्रवर्गाचा अनुभव घेऊन बसलेलं माणूस असणं, हे मला पदकांहून मोलाचं वाटतं.

चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत, सक्तीचं शिक्षण दहा वर्षांत, असं राज्यघटनेनं १९५०मध्ये म्हटलं होतं. तसा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. चित्राताई तेव्हा एक्याण्णव वर्षांच्या होत्या; त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्या गेल्या.

कायद्याचं अकरावं कलम मी मुद्दाम वाचलं. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल', असं त्यात आहे. पण वेचणीच्या दिवसांत पोरीच्या कडेवर असतं ते दीड वर्षाचं. त्याला बालवाडी नको, पाळणाघर हवं, तेही शेताजवळ.