बिडी सुटते, पण सुटलेली टिकवायची कशी?

एकदा नांगरट केली म्हणजे हरळी गेली, असे जाणता शेतकरी म्हणत नाही. जमिनीत राहिलेल्या काशा पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. बिडीचेही तसेच आहे. सोडणारे पुष्कळ भेटतात, सुटलेली टिकवणारे थोडे.

याला केवळ मनाचा कच्चेपणा कारण नाही. पूर्वी मावा मारायला आपण तंबाखूचा काढा फवारीत असू. त्यातील निकोटिनच झुरक्याबरोबर काही सेकंदांत मेंदूत पोचते आणि मेंदूला त्याची चटक लागते. बिडी बंद होताच चिडचिड, बेचैनी, झोपमोड सुरू होते. पहिले काही दिवस फार जड जातात. तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. तेवढे दिवस घरच्या मंडळींनी त्याचे तिरसट बोलणे मनावर घेऊ नये.

तलफ येते ती काही मिनिटांची. तेवढा वेळ टाळला की ती उतरते. चहानंतर, आठवडी बाजारात, रात्री दारे धरताना ती हमखास येणार, हे ओळखून खिशात फुटाणे किंवा बडीशेप ठेवावी. बिडी-काडी मात्र खिशात नको. बिडीऐवजी तंबाखू मळणे किंवा मशेरी लावणे म्हणजे सोडणे नव्हे, निकोटिन तेच.

खरा घात होतो तो पुढे, दोन-चार महिन्यांनी. लग्नाच्या मांडवात कोणी आग्रह करतो, "एका झुरक्याने काय होते?" त्या झुरक्यानेच जुनी काशी फुटते. अशा वेळी हात जोडून स्पष्ट नाही म्हणावे. तरीही चूक झालीच तर सारे संपले असे मानू नये. चार कोंब दिसले म्हणून कोणी शेत पडीक टाकत नाही. ते उपटून पुन्हा कामाला लागतो.

वर्षभर निभावले तर धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. शिवाय तंबाखूच्या हातांनी टोमॅटो-मिरचीच्या रोपांना लागणारा मोझॅक विषाणूही टळतो.

एकट्याने जमत नसेल तर सरकारी दवाखान्यात सल्ला घ्यावा किंवा 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. पिकावर रोग पडला की आपण सल्ला विचारतोच. मग स्वतःच्या छातीसाठी विचारायला संकोच कसला?