वणवा आणि विमान

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराभोंवतालचे डोंगर पेटले, त्या वेळीं वर्तमानपत्रांत आलेलें एक चित्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. धुरानें काळवंडलेल्या आकाशांत एक मोठें विमान डोंगरमाथ्याला जवळजवळ टेकून चाललें आहे, आणि त्याच्या पोटांतून तांबडा लोट खालीं झेपावत आहे. तें चित्र पाहून आमच्या नातीनें आम्हांस विचारलें, "आजोबा, आग विझवायची तर पाणी टाकायचं, हे लोक गुलाल कां उधळतात?" सारा जन्म शाळेंत मुलांस प्रश्न विचारण्यांत गेल्यावर आतां उत्तरें देण्याची पाळी आमच्यावर आली आहे, आणि ती आम्हांस अप्रिय नाहीं. त्या दिवशीं तिला आम्हीं अर्धवटच उत्तर दिलें. पुढें वाचून जें कळलें, तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

संस्कृतांत 'दव' ह्या एकाच शब्दाचे अरण्य आणि अरण्यांतील अग्नि असे दोन्ही अर्थ होतात. जेथें रान आहे तेथें आग आहेच, असें जणूं आपल्या पूर्वजांस वाटत असावें. आकाशांतून पाणी ओतून वणवा विझविण्याची कल्पनाही आपणांस नवी नाहीं. महाभारताच्या आदिपर्वांत खांडववन पेटलें तेव्हां हत्तींनीं सोंडांतून व नागांनीं फणांवरून पाणी आणून तें सात वेळां विझविलें, आणि पुढें अर्जुन आडवा आला तेव्हां खुद्द इंद्रानें वरून पर्जन्य सोडला, अशी कथा आहे. परंतु इंद्राचें काम माणसानें अंगावर घ्यावयाचें म्हटलें कीं सोंड कशाची करावयाची हा प्रश्न उभा राहतो. विमान तर होतें. पण त्यांतून पाणी टाकावें कसें, ह्या एका गोष्टीसाठीं कित्येक वर्षें खर्ची पडलीं.

ह्या शोधाच्या मागें एक दुःखद प्रसंग आहे. कॅलिफोर्निया संस्थानांत मेंडोसिनो नांवाचें सरकारी राखीव जंगल आहे. ९ जुलै १९५३ रोजीं तेथें आग लागली. ती लावणारा माणूसच होता. रात्रीं आग आटोक्यांत आली असें वाटून आग विझविणाऱ्यांची एक तुकडी दरींत उतरून जेवावयास बसली होती. तोंच वारा फिरला. सुकलेल्या झुडपांनीं भरलेल्या त्या उतारावरून ज्वाळा खालीं धांवत आल्या. कांहीं जण चढण चढून निसटले. पंधरा जण मात्र सांपडले आणि मृत्यु पावले. त्यांतील चौदा जण जवळच्या एका मिशनरी शिक्षणकेंद्रांतून मदतीस आलेले होते. परप्रांतीं जाऊन धर्मकार्य करण्याची तयारी करणाऱ्या त्या तरुणांची यात्रा त्या दरींतच संपली. जमिनीवरील माणसास धोक्याच्या वेळीं वरून मदत मिळावी, ही तळमळ ह्या घटनेनंतर त्या जंगलाच्या अधिकाऱ्यांस लागून राहिली असल्यास नवल नाहीं.

दोन वर्षांनीं, १९५५ सालीं, तेथील आगप्रतिबंधक अधिकारी ज्यो एली ह्यांनीं विलोज गांवच्या फ्लॉइड नोल्टा ह्यांस विचारलें कीं, तुमच्या विमानांतून पाणी टाकतां येईल काय? नोल्टा हे भाताचें बी विमानांतून पेरण्याचा व धंद्याचीं तत्सम कामें करण्याचा उद्योग करीत. त्यांच्याजवळ दोन पंखांच्या जोडीचें एक जुनें 'स्टियरमन' विमान होतें. महायुद्धांत शिकाऊ वैमानिकांस शिकविण्यासाठीं केलेल्या विमानांपैकीं तें एक. नोल्टांनीं मोठी योजना आंखली नाहीं कीं कोणाचें मंडळ नेमलें नाहीं. त्यांनीं विमानाच्या पोटास भोंक पाडलें, आंत १७० गॅलनांची, म्हणजे सुमारें साडेसहाशें लिटरांची टाकी बसविली, तिच्या तळाशीं बिजागरीवर झुलणारी एक झडप लावली, आणि झडपेच्या कडीची दोरी वैमानिकाच्या हातीं दिली. दोरी ओढली कीं झडप उघडे. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत मेंडोसिनोच्या जंगलांतील एका आगीवर त्या घराण्यांतील व्हान्स नोल्टा ह्यांनीं ह्या विमानांतून पहिल्यानें पाणी सोडलें. पुढच्या वर्षीं अशा सात विमानांची एक टोळीच तयार झाली. विहिरीवर मोट चालविणाऱ्या आमच्या जुन्या शेतकऱ्यास ही रचना दाखविली असती तर ती त्यास तत्काळ समजली असती.

परंतु झडप उघडली म्हणजे काम झालें असें नाहीं. ताशीं दोनशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या विमानांतून साधें पाणी सोडलें कीं हवेच्या झोतानें तें फुटतें, त्याचे तुषार होतात, आणि पुष्कळसे तुषार जमिनीला लागण्यापूर्वींच उष्णतेनें उडून जातात. उंचीवरून सोडावें तर पाणी पोंचत नाहीं. फार खालून सोडावें तर विमान धोक्यांत, आणि वजनदार लोट एकदम पडल्यास खालचीं माणसेंही जखमी होतात. म्हणून मोठीं विमानें साधारणतः झाडांच्या शेंड्यांवर दीडशें ते अडीचशें फुटांवरून माल टाकतात. धुरांत, डोंगराळ प्रदेशांत, वर उसळणाऱ्या तप्त हवेंत इतक्या खालून जाणें म्हणजे काय, ह्याची वाचकांनीं कल्पना करावी.

दुसरा प्रश्न पाण्यांत काय मिसळावें हा. प्रथम बोरेटाचा क्षार वापरला; त्यावरून त्या विमानांस 'बोरेट बाँबर' असें नांवही पडलें. पण त्या क्षारानें जमीन नापीक होते असें दिसून आलें, व तो सोडावा लागला. हल्लीं जो अग्निरोधक द्रव वापरतात त्यांत शेंकडा सुमारें ८५ भाग पाणीच असतें. उरलेल्यांत मुख्य म्हणजे अमोनियम फॉस्फेट, हें आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचें खत. शिवाय द्रव दाट राहावा, हवेंत फुटूं नये, म्हणून डिंकासारखा एखादा पदार्थ, आणि रंगासाठीं थोडेंसें लोखंडाचें भस्म, म्हणजे गंज.

ह्या खताचा गुण मोठा चमत्कारिक आहे. लाकूड पेटतें असें आपण म्हणतों, पण वस्तुतः पेटते ती लाकूड तापल्यावर त्यांतून निघणारी वाफ. हा क्षार गवतावर किंवा पानांवर बसलेला असला, तर तापल्यावर त्या पदार्थांतून ज्वालाग्राही वाफ कमी निघते, आणि त्याचा बहुतांशीं कोळसा व पाणी होतें. म्हणून द्रवांतील पाणी वाळून गेलें तरी क्षार आपलें काम करीत राहतो. ह्यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. साधें पाणी ज्वाळेवर टाकावयाचें असतें. तांबडा द्रव ज्वाळेवर टाकावयाचा नसतो, तर ज्वाळेच्या वाटेवर, तिच्या पुढें, पट्टा ओढावा तसा टाकावयाचा असतो. आणि तांबडा रंग कशासाठीं? मागून येणाऱ्या वैमानिकास पहिल्याचा पट्टा कोठें संपला तें दिसावें, व त्यानें तेथूनच पुढें सुरुवात करावी, एवढ्यासाठीं. आमच्या नातीचा 'गुलाल' म्हणजे फळ्यावर खडूनें मारलेल्या रेघेसारखी एक खूण आहे!

पट्टा किती जाड हवा ह्याचाही हिशेब आहे. शंभर चौरस फुटांस किती गॅलन, ह्यावर त्याची पायरी ठरते. विरळ गवतास एक-दोन गॅलन पुरतात. दाट झुडपांस व झाडीस सहा-आठही लागतात. जुन्या विमानांत टाकीचे कप्पे करून एकामागून एक झडपा उघडीत. आतां विमानाचा वेग व टाकींतील पातळी पाहून यंत्रच झडपा कमीजास्त उघडतें, म्हणजे पट्टा आरंभापासून शेवटपर्यंत सारखा पडतो. नोल्टांच्या दोरीची ही वंशवेल.

ह्या वंशवेलीस अनेक फांद्या फुटल्या. कॅनडा हा सरोवरांचा देश. तेथें विमानतळावर परत जाऊन टाकी भरण्यापेक्षां सरोवरावरूनच पाणी उचलावें ही कल्पना सुचली. १९६७ सालीं तेथील 'कॅनडेअर' कारखान्याचें सीएल-२१५ हें विमान प्रथम उडालें. तें पाण्याच्या पृष्ठभागावरून सरपटत जातें, आणि त्याच्या तळाच्या मुखांतून पाणी आपल्याच वेगानें आंत चढतें. त्याच्या पुढील पिढीचें सीएल-४१५ बारा सेकंदांत सहा हजार लिटरांहून अधिक पाणी घेतें. भूमध्यसमुद्राच्या कांठच्या फ्रान्स, इटली, स्पेन, ग्रीस वगैरे देशांचा मोठा भरवसा ह्याच विमानांवर आहे. अमेरिकेंत लष्करी मालवाहू विमानांत आयत्या वेळीं बसवितां येईल असा, दाबलेल्या हवेनें सुमारें ११,००० लिटर द्रव पांच सेकंदांच्या आंत फेंकणारा सांचा तयार झाला. प्रसंग संपला कीं सांचा काढून विमान पुन्हां आपल्या कामास मोकळें. २००६ पासून प्रवासी वाहतुकीच्या डीसी-१० विमानांसही टाक्या बसविल्या गेल्या, आणि त्यांतून ३५,००० लिटर द्रव एका खेपेस पडूं लागला. आणि इकडे शेतीवरील फवारणीसाठीं जन्मलेलीं एका एंजिनाचीं विमानेंही तीन हजार लिटर घेऊन आपलें काम चोख बजावीत आहेत.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं प्रश्न सुटला. तो सुटलेला नाहीं, आणि त्याची किंमत माणसांनीं भरलेली आहे.

महायुद्ध संपल्यावर जीं लढाऊ विमानें भंगारांत निघालीं, तींच स्वस्तांत घेऊन त्यांस टाक्या बसविण्याचा प्रघात अमेरिकेंत पडला. टाकी नवी, पण पंख जुने! आपण तार घेऊन ती वारंवार वांकवली तर ती कोठेंतरी सूक्ष्म चिरते आणि मग एकाएकीं तुटते. धातूलाही थकवा येतो तो असा. हजारों किलो वजन एका क्षणांत खालीं गेलें कीं विमान वर उसळतें, आणि दर खेपेस तो हिसका पंखांच्या मुळांस बसतो. १७ जून २००२ रोजीं कॅलिफोर्नियांत एका सी-१३० विमानानें द्रव सोडीत असतांनाच त्याचे पंख मोडून पडले. आंतील तिघेही गेले. महिनाभरानें, १८ जुलै रोजीं, कोलोरॅडो संस्थानांत दुसऱ्या महायुद्धाच्या काळचें एक विमान तसाच पंख मोडून कोसळलें आणि दोघे गेले. दोन्ही विमानांच्या पंखांत थकव्याच्या चिरा सांपडल्या. २००४ सालीं सरकारनें अशा ३३ मोठ्या विमानांचे करार एकदम रद्द केले, व पुढें हळूहळू नवीं विमानें आलीं. पण नवीं विमानें आलीं म्हणून धोका गेला नाहीं. जानेवारी २०२० मध्यें ऑस्ट्रेलियांत तिघे अमेरिकन वैमानिक व सहकारी, आणि जुलै २०२३ मध्यें ग्रीसमधील एव्हिया बेटावर दोघे वैमानिक, वणव्यावर मारा करीत असतांनाच मृत्यु पावले.

दुसरी मर्यादा वाऱ्याची. ७ जानेवारी २०२५ रोजीं लॉस एंजेलिसला आग भडकली त्या संध्याकाळीं वारा इतका प्रचंड होता कीं विमानें जमिनीवरच ठेवावीं लागलीं. म्हणजे ज्या वाऱ्यानें आग सर्वांत भयंकर होते, त्याच वाऱ्यांत विमान पंगु होतें. दोन दिवसांनीं वारा पडला, विमानें उडालीं, तों कोणा हौशी माणसानें उडविलेलें एक लहानसें यंत्र, ज्यास ड्रोन म्हणतात तें, कॅनडाहून मदतीस आलेल्या विमानाच्या पंखावर आदळलें. पंखास भोंक पडलें आणि ऐन गरजेच्या वेळीं तें विमान दुरुस्तीस काढावें लागलें. मौजेचें चित्र काढण्याच्या नादांत कोणाचें घर जळतें ह्याचें भान ज्यास राहत नाहीं, त्यास काय म्हणावें?

तिसरी मर्यादा द्रवाची. हें खत ओढ्यांत पडलें तर मासे मरतात. म्हणून अमेरिकन वनखात्यानें जलप्रवाहांपासून तीनशें फुटांच्या आंत तो टाकूं नये असा नियम केला आहे.

आपल्या देशांत ह्या कामीं मुख्यतः हेलिकॉप्टरांचा उपयोग होतो. त्याच्या पोटाखालीं दोरानें एक मोठी घडीची बादली टांगतात. ती तळ्यांत बुडवावयाची, आगीवर न्यावयाची आणि तळ उघडावयाचा. एप्रिल २०२४ मध्यें नैनिताल भागांतील जंगल पेटलें तेव्हां हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनीं भीमतालचें पाणी उचलून असेंच टाकलें. तथापि त्याच डोंगरांत देवदाराच्या कुळांतील चीड वृक्षांचीं वाळलेलीं पानें हातांनीं गोळा करणारीं, आणि हिरव्या फांद्यांनीं आग झोडपणारीं माणसेंही होतीं. आमच्या सह्याद्रींतही उन्हाळ्यापूर्वीं वनखात्याचे मजूर 'जाळरेषा' काढतात, म्हणजे गवत आधींच जाळून मोकळा पट्टा राखतात. तांबड्या द्रवाचा पट्टा ही त्याच जाळरेषेची आकाशांतून काढलेली आवृत्ति आहे, एवढें लक्षांत घेतलें म्हणजे विमानाचें खरें काम कळतें.

तें काम आग विझविण्याचें नव्हे. ह्या विद्येंतील अनुभवी लोक हेंच सांगतात कीं विमान आगीस थोपवितें. विझवितात तीं जमिनीवर कुदळफावडीं घेऊन उभीं असलेलीं माणसें. पट्टा पडला आणि त्यामागें माणूस पोंचला नाहीं, तर आग पट्ट्याला वळसा घालून किंवा ठिणग्यांवर बसून पलीकडे जाते. विमान त्यांस थोडा अवधि मिळवून देतें. १९५३ च्या त्या दरींतील पंधरा जणांस हवा होता तो हाच थोडा अवधि.

आम्हीं हें सर्व नातीस सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आजोबा, चित्रांत ज्यांना दाखवलंच नाही, ती माणसं खाली असतात?" होय, बाळ, तीं असतात. वर्तमानपत्रांतलें तें चित्र पुन्हां पाहण्यांत आलें, तर वाचकांनीं तांबड्या लोटाबरोबर नजर तशीच खालीं न्यावी, आणि धुरांत जें दिसत नाहीं तेंही पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.