गंगनहरची पटरी : दिल्लीजवळची सायकलवाट

दिल्लीत राहणारे आपले मराठी मित्र नेहमी विचारतात, ‘सायकल घेतली, पण चालवायची कुठे?’ आजचा भाग त्यांच्यासाठी.

गाझियाबादच्या पुढे मुरादनगर आहे. तिथून अपर गंगा कालवा जातो. इकडे त्याला ‘गंगनहर’ म्हणतात आणि काठच्या रस्त्याला ‘पटरी’. आपल्याला पटरी म्हटलं की रेल्वे आठवते, म्हणून आधीच सांगितलं!

१८३७-३८च्या भीषण दुष्काळानंतर प्रॉबी कॉटली या इंजिनियरने या कालव्याची आखणी केली. १८४२ साली खोदाई सुरू झाली आणि १८५४ साली हरिद्वारहून पाणी सोडलं गेलं. आज दिल्लीच्या नळाला येणारं काही पाणीसुद्धा मुरादनगरहूनच जातं.

आता सायकलवाल्याच्या कामाची गोष्ट. कालव्याला उतार अगदी कमी ठेवतात, नाहीतर वेगाने वाहणारं पाणी तळ आणि काठ खरवडून काढेल. म्हणून पटरीवर चढ जवळजवळ नाहीच. पण जमिनीचा उतार त्याहून जास्त असतो. मग ठरावीक ठिकाणी पाणी पायरीसारखं खाली सोडतात. त्याला इथे ‘झाल’ म्हणतात. मेरठजवळच्या भोला झालवर अशाच पाण्यावर वीज तयार होते.

वाट चुकण्याची भीती नाही, कारण कालवाच खूण. एक नियम लक्षात ठेवा: कालव्याचा डावा-उजवा काठ पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडे तोंड करून ठरवतात. मुरादनगरहून उत्तरेला निघालात की तुम्ही प्रवाहाच्या उलट जाता. म्हणून डाव्या पटरीवर असाल, तर पाणी तुमच्या डाव्या हाताला दिसेल. पाटीवर ‘डावी पटरी’ वाचून गोंधळू नका.

निवाडी, जानी अशी गावं लागतात. दोन्हीकडे ऊस. हिवाळ्यात गुऱ्हाळं चालू असतात, त्यांना इथे ‘कोल्हू’ म्हणतात. ताज्या गुळाचा वास आला की कोल्हापूरची आठवण होणारच. मात्र उसाने लादलेल्या ट्रॉल्यांपासून लांब राहा. मागचं लाल दिवं-बिवं बहुतेक वेळा नसतंच.

कधी जावं? फेब्रुवारी-मार्च उत्तम. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं इतकं दाट असतं, की पाण्याचा काठ दिसत नाही. उत्तरेकडच्या श्रावणात (आपल्या आषाढाच्या उत्तरार्धात) पटरी कावडयात्रेकरूंची असते, तेव्हा आपण जाऊ नये. दसरा ते दिवाळीच्या सुमारास साफसफाईसाठी पाणी बंद करतात.

आणि कितीही उकडलं तरी कालव्यात उतरू नका. काठ निसरडे, ओढ जबरदस्त. वरून शांत दिसणारं हे पाणी दरवर्षी जीव घेतं.

शेवटचं. समोरच्या उजव्या काठावर मुरादनगर ते पुरकाजी असा १११ किलोमीटरचा नवा कावडमार्ग ठरला. त्यासाठी एक लाखाहून अधिक झाडं तोडण्याचा प्रस्ताव होता. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्याची दखल घेतली. यात्रेकरूंना सुरक्षित रस्ता हवा, हे खरंच. पण उन्हात अनवाणी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला सावलीही तितकीच हवी. पटरीवर जाल तेव्हा एकदा थांबून समोरचा काठ बघा. मग तुमचं मत तुम्हीच ठरवा.

भेटू पुढच्या भागात. हेल्मेट विसरू नका!